चित्रपट परीक्षण आणि जनमोहीम: न्याय्यता आणि प्रभाव कसे पारखावेत

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा मतदारांपुढे दोन चिन्हे होती: महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळा केंद्रशासित प्रदेश हवा असेल तर दोन पाने. विलीनीकरणाची बाजू ‘गोमन्तक’ मांडत होता आणि विरोधाची ‘राष्ट्रमत’. दोन्ही दैनिके मराठी होती, दोहोंकडे लिहिणारे समर्थ होते, आणि ‘राष्ट्रमत’मधल्या उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदराची आठवण जुनी मंडळी आजही काढतात. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. एकाच भाषेत, एकाच वाचकापुढे दोन विरुद्ध बाजू तितक्याच तळमळीने मांडल्या जातात, तेव्हा वाचकाने काय करायचे असते, हा प्रश्न गोव्यातल्या मराठी वाचकाला त्यामुळे नवा नाही. आता दैनिकांच्या जोडीला मोबाइलवरची चित्रफीत, सह्यांचे निवेदन आणि इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत रोज येणारी परीक्षणे आहेत, आणि पारखण्याची सवय मात्र शाळा-महाविद्यालयांत फारशी शिकवली जात नाही.

पुढे सांगितलेली रीत चित्रपट परीक्षणाला आणि सार्वजनिक प्रश्नावरच्या मोहिमेला सारखीच लागू पडते, कारण दोन्ही प्रकारचे लेखन आपल्याकडून काही कृती मागते. परीक्षण तिकिटाचे पैसे आणि एक संध्याकाळ मागते, तर मोहीम सही, ग्रामसभेतली उपस्थिती किंवा मत मागते. ही रीत एका समजुतीवर उभी आहे: लेखन किती प्रभावी आहे आणि ते किती न्याय्य आहे, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि त्या एकत्र केल्या की प्रभाव न्याय्यतेला झाकून टाकतो. सुंदर लिहिलेले आपल्याला खरे वाटू लागते, आणि रटाळ लिहिलेल्या खऱ्या गोष्टीकडे आपण पाठ फिरवतो.

पहिली पायरी: आधी स्वतःवर झालेला परिणाम लिहून ठेवावा

मजकूर पहिल्यांदा वाचताना किंवा चित्रफीत पाहताना मध्येच थांबून दोष काढू नयेत. सामान्य वाचकासारखे शेवटपर्यंत जावे आणि लगेच दोन-तीन ओळींत लिहावे: वाचण्यापूर्वी माझे मत काय होते, आता काय आहे, आणि ते नेमके कोणत्या वाक्यापाशी हलले. ही शेवटची नोंद सर्वांत उपयोगाची ठरते. मन ज्या वाक्यापाशी हलले तिथे पुरावा होता, की एखादा फोटो, पार्श्वसंगीत किंवा ‘आपली माणसे’ असा शब्दप्रयोग होता, हे दुसऱ्या वाचनात तपासता येते. ही नोंद केली नाही तर आपण पुढची सगळी पारख आधीच बनलेल्या मताच्या समर्थनासाठी वापरतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरी पायरी: लिहिणारा कुठे उभा आहे ते पाहावे

चित्रपटाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की परीक्षकाने तो कुठे आणि कोणाच्या निमंत्रणावरून पाहिला. इफ्फी २००४ पासून गोव्यात भरतो. महोत्सवातल्या खेळाला बऱ्याचदा दिग्दर्शक आणि कलाकार स्वतः हजर असतात, खेळ संपल्यावर टाळ्या होतात, प्रश्नोत्तरे होतात, आणि त्या वातावरणाचा रंग परीक्षणावर चढतो. परीक्षकाने त्याचा एका वाक्यात उल्लेख केला तर वाचकाला तेवढी सूट धरून वाचता येते. म्हणून तो उल्लेख आहे का, हे पाहावे.

गोव्यात याहून नाजूक अडचण आहे, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. प्रदेश लहान आहे. कोंकणी किंवा मराठी चित्रपट करणारा दिग्दर्शक, त्यात काम करणारी नटी, त्यावर लिहिणारा पत्रकार आणि ते वाचणारा प्राध्यापक हे चौघेही कला अकादमीच्या आवारात आठवड्याला एकदा तरी समोरासमोर येतात. चित्रपटाला गोवा मनोरंजन संस्थेच्या योजनेतून अर्थसाहाय्य मिळालेले असते, निर्मात्याने घर गहाण ठेवलेले असते, आणि सगळ्यांना ते ठाऊक असते. अशा स्थितीत परीक्षकाचा हात सैल होतो आणि ‘स्थानिक कलाकारांचा स्तुत्य प्रयत्न’ या शब्दांत दोष गुंडाळले जातात. ही माया समजण्यासारखी आहे, पण ती न्याय्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वाचकाने त्या शब्दांवर विसंबून तिकीट काढले आणि जो निराश होऊन परतला, तो पुढच्या गोमंतकीय चित्रपटाला येत नाही. दिग्दर्शकालाही पटकथेत काय फसले ते कोणी सांगत नाही. स्थानिक चित्रपटावरचे परीक्षण वाचताना म्हणून एक प्रश्न हमखास विचारावा: हाच चित्रपट केरळमधून आला असता, तर या परीक्षकाने हेच लिहिले असते का?

पैशाचा प्रश्न वेगळा तपासावा. परीक्षणाच्या शेजारीच त्या चित्रपटाची मोठी जाहिरात आहे का, मजकुराच्या कोपऱ्यात ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असे बारीक अक्षरांत छापले आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. समाजमाध्यमांवर पैसे, भेटवस्तू किंवा प्रवासखर्च घेऊन कौतुक करणाऱ्याने तो संबंध उघड केला पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे.

मोहिमेच्या बाबतीत पत्रकाचा तळ आधी वाचावा. निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तीपत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. निवडणुकीबाहेरच्या मोहिमेला ते कलम लागू होत नाही, म्हणून तिथे आपणच विचारावे: ही संघटना कोणाची, फलकांचा आणि मंडपाचा खर्च कोण करते, आणि मागणी मान्य झाली तर प्रत्यक्ष लाभ कोणाला होतो. ज्याचा लाभ होतो त्याचे म्हणणे आपोआप खोटे ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खाण बंद झाल्यावर ट्रकमालक रस्त्यावर उतरला तर त्याचा स्वार्थ उघड आहे, आणि त्याच्या डोक्यावरचे बँकेचे कर्जही तितकेच खरे आहे.

तिसरी पायरी: वर्णन, अन्वयार्थ आणि निवाडा वेगळे करावेत

हे काम तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन कागदावर केले तर उत्तम होते. चित्रपटात प्रत्यक्ष काय दिसते आणि ऐकू येते, ते वर्णन. त्यातून काय सुचवले जाते, तो अन्वयार्थ. ते चांगले की वाईट, हा निवाडा. नमुन्यासाठी मी रचलेला हा परिच्छेद घेऊ. असे परिच्छेद आपण दर आठवड्याला वाचतो:

‘खेड्यातल्या मुलीची ही कथा मनाला भिडते. दिग्दर्शकाने नाजूक विषय अत्यंत संवेदनशीलतेने हाताळला असून छायाचित्रण अप्रतिम आहे. मध्यंतरानंतर चित्रपट किंचित रेंगाळतो; तरीही गोव्याच्या मातीचा गंध असलेला हा चित्रपट प्रत्येक गोमंतकीयाने पाहायलाच हवा. साडेतीन स्टार.’

यात वर्णनाचा रंग ‘खेड्यातल्या मुलीची कथा’ एवढ्याच शब्दांना मिळतो. बाकी सारा निवाडा आहे. आता एक सोपी कसोटी लावावी: हा परिच्छेद उचलून दुसऱ्या एखाद्या चित्रपटावर जसाच्या तसा ठेवता येतो का? इथे तो शंभर चित्रपटांवर ठेवता येईल, म्हणजे त्याने या चित्रपटाविषयी काहीच सांगितलेले नाही. शेवटचे वाक्य तर आपल्या अभिमानाला हात घालते आणि न पाहणाऱ्याला अपराधी ठरवते. चित्रपटाचा दर्जा आणि प्रेक्षकाचे गोंयकारपण यांचा तिथे काहीही संबंध नसतो. त्याच परीक्षकाने असे लिहिले असते तर?

‘आई मुलीला शाळेतून काढण्याचा निर्णय घेते, तो प्रसंग कॅमेरा दाराबाहेरच थांबून दाखवतो. आपल्याला फक्त स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज आणि बापाचे एक तुटक वाक्य ऐकू येते. चित्रपटातला हा सर्वांत सशक्त क्षण आहे, कारण मुलीलाही एवढेच ऐकू आले असणार. मध्यंतरानंतर मात्र हाच प्रसंग दोनदा संवादांतून पुन्हा सांगितला जातो, आणि आधी जे आपण ओळखले होते ते पात्रे आपल्याला समजावू लागतात.’

इथे स्तुतीही आहे आणि दोषही आहे, पण प्रत्येक निवाड्याच्या पाठीशी एक दृश्य आहे आणि एक कारण आहे. एखाद्याला ते कारण पटणार नाही. तो चित्रपट पाहून ‘नाही, पुन्हा सांगणे गरजेचे होते’ असे म्हणू शकतो. वाचकाला असहमत होण्यापुरते साहित्य हाती देणे, हीच न्याय्य परीक्षणाची माझ्या मते पहिली खूण आहे.

दुसरी खूण म्हणजे चित्रपटाने जे करायचे ठरवले त्याच मापाने त्याला मोजणे. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराच्या परंपरेतून आलेल्या चित्रपटावर ‘गाणी कथानकात अडथळा आणतात’ असा शेरा मारणाऱ्याला, तियात्रात अंकांच्या मध्ये कथेशी संबंध नसलेली कांतारां, म्हणजे गाणी, गाण्याची रीतच आहे, हे माहीत असायला हवे. माहीत असूनही ती रीत पडद्यावर जमली नाही, असे तो म्हणू शकतो, आणि तो रास्त आक्षेप ठरेल.

विषय खरा असणे आणि चित्रपट चांगला असणे यांची गल्लत परीक्षणात सर्वांत जास्त होते. २०२२ च्या इफ्फीच्या समारोपात आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी काश्मीरमधल्या विस्थापनावरच्या एका हिंदी चित्रपटाला व्यासपीठावरूनच प्रचारकी ठरवले आणि देशभर वादळ उठले. मंडळातल्या भारतीय सदस्याने हे अध्यक्षांचे वैयक्तिक मत असल्याचे जाहीर केले. इतर तीन सदस्यांनी नंतर अध्यक्षांना पाठिंबा दिला. ते छोटे भाषण परीक्षण म्हणून तपासले तर निवाडा कठोर आहे, पण त्याला आधार देणारे एकही दृश्य त्यात उलगडलेले नाही. त्याला दिलेली बहुतेक उत्तरे तपासली तर ती बोलणाऱ्याच्या व्यक्तित्वावर घसरली, किंवा विस्थापितांचे दुःख खरे आहे, असे सांगून थांबली. दुःख खरे आहे, यात शंका नाही. पण त्या दुःखाचे चित्रण कसे झाले, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि चित्रण फसले आहे असे ठरले तरी दुःख खोटे ठरत नाही.

चौथी पायरी: आकडे कसे बनले ते पाहावे

स्टार आणि टक्के यांवर थोडक्यात. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे अनुकूल परीक्षणांचे प्रमाण असते, मिळालेल्या गुणांची सरासरी नव्हे. दहा समीक्षकांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणत पाचपैकी तीन गुण दिले आणि ती सर्व परीक्षणे अनुकूल धरली गेली, तर आकडा शंभर टक्के दिसतो. उलट सहा जणांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हटले आणि चौघांना तो मुळीच आवडला नाही, तर साठच दिसतात. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दिसणारे प्रेक्षकांचे आकडे चाहत्यांचे आणि विरोधकांचे असतात. आठवडाभराने ते पुन्हा पाहावेत.

मोहिमेतल्या आकड्यांना जास्त वेळ द्यावा लागतो, आणि म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ टीएमसी पाणी आले. कर्नाटकाच्या १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे, आणि मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे पाणी ३.९ टीएमसी आहे: कळसा नाल्याचे १.७२ आणि भंडुरा नाल्याचे २.१८. आता हेच आकडे पत्रकात कसे येतात ते पाहावे. गोव्यातल्या भाषणात ‘कर्नाटक साडेतेरा टीएमसी पळवणार’ असे म्हटले जाते, आणि पलीकडे ‘आम्ही जेमतेम चार टीएमसी पिण्यासाठी मागतो, गोव्याला तर चोवीस मिळाले’ असे म्हटले जाते. दोन्ही वाक्यांतले आकडे निवाड्यातूनच आलेले आहेत. पहिले वाक्य वळवले जाणारे पाणी आणि वीजनिर्मितीसाठी दिलेले पाणी यांतला फरक पुसते. दुसरे वाक्य नदी उगमापाशीच अडवली तर उन्हाळ्यात खालच्या प्रवाहाचे आणि म्हादई अभयारण्याचे काय होते, हा प्रश्न टाळते, कारण वर्षभराच्या बेरजेत तो दिसत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे वाचकाला सांगितलेले नसते, त्यामुळे चार हा आकडा कोणाला लहान वाटतो आणि कोणाला मोठा.

म्हादई आपली आहे आणि तिच्यासाठी उभे राहणे मला योग्य वाटते. तरीही, किंवा म्हणूनच, आपल्या बाजूच्या पत्रकातला आकडा मी जास्त कडकपणे तपासतो. प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारावेत: तो कोणत्या दस्तऐवजातला आहे, कशाचा आहे, कोणत्या काळाचा आहे, आणि त्याच दस्तऐवजातला कोणता शेजारचा आकडा गाळला आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मूळ कागद उघडावाच लागतो, आणि निम्मी पारख तिथेच होऊन जाते. आकडा अंदाज आहे की हिशेब, हेही विचारावे. शहा आयोगाने २०१२ मध्ये गोव्यातल्या बेकायदा खाणकामामुळे झालेल्या नुकसानीचा सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला. तो काढण्याच्या पद्धतीवर पुढे बराच वाद झाला, पण फलकावर तो आकडा कायम ‘लूट झालेली रक्कम’ म्हणून सरळ छापला गेला. ‘आयोगाच्या अंदाजानुसार’ हे दोन शब्द जोडले असते तर फलक लांबला असता, पण न्याय्य झाला असता.

पाचवी पायरी: मोहिमेतले प्रत्येक वाक्य कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे

मोहिमेच्या मजकुरात चार जातींची वाक्ये असतात: घडलेली गोष्ट, पुढचे भाकीत, मूल्य आणि मागणी. प्रत्येकीची कसोटी निराळी असते. पुन्हा एक रचलेले पत्रक घेऊ. गाव आणि प्रकल्प कोणताही समजावा:

‘या प्रकल्पामुळे गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या पडणार. तज्ज्ञांनी तसा इशारा दिला आहे. बाहेरच्या बिल्डरांना आपला डोंगर गिळू द्यायचा नाही. जो गप्प बसेल तो गावाचा शत्रू. रविवारी ग्रामसभेला या.’

पहिले वाक्य भाकीत आहे, पण घडलेल्या गोष्टीच्या थाटात लिहिलेले आहे. दुसऱ्यात तज्ज्ञाचे नाव नाही, त्याने काय तपासले तेही नाही. तिसरे मूल्य सांगते, आणि ते सांगण्याचा गावकऱ्यांना पूर्ण हक्क आहे. मात्र ‘बाहेरच्या’ हा शब्द काढून पाहावा. बिल्डर गावातलाच असता तर डोंगर कापणे चालले असते का? चालले नसते, तर त्या शब्दाचे काम पुरावा देण्याचे नसून राग चेतवण्याचे आहे. चौथे वाक्य सरळ धमकी आहे. पाचवे वाक्य मागणी आहे, आणि ती साधी आणि रास्त आहे.

प्रकल्पवाल्यांचे उत्तरही त्याच पेन्सिलीने वाचावे: ‘सर्व परवाने घेतले आहेत, स्थानिक तरुणांना रोजगार मिळेल, विरोध करणारे मूठभर विकासविरोधी आहेत.’ कोणते परवाने? जमीन रूपांतराची सनद, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना हे वेगवेगळे कागद आहेत, आणि एक असला म्हणजे बाकीचे असतातच असे नाही. रोजगार किती, कायम की बांधकाम संपेपर्यंतचा, आणि ‘स्थानिक’ म्हणजे गावातला, तालुक्यातला की राज्यातला, हे लिहिलेले नाही. ‘विकासविरोधी’ या शब्दाने विरोधकांच्या एकाही आक्षेपाचे उत्तर दिले जात नाही.

गावकऱ्यांचे पत्रक असेही लिहिता आले असते: ‘डोंगराच्या या उताराखाली गावातल्या अकरा विहिरी आहेत. उतार कापला तर पाणी मुरायला जागा कमी पडेल, अशी आम्हाला भीती वाटते. भूजलाचा अभ्यास झालेला नाही. तो होऊन त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे येईपर्यंत परवाना देऊ नये, ही आमची मागणी आहे.’ भीतीला भीती म्हटल्यामुळे ती कमी होत नाही, आणि मागणी इतकी नेमकी आहे की पंचांना हो किंवा नाही म्हणावेच लागते. न्याय्य लिहिल्याने प्रभाव ओसरतो, ही समजूत मला मान्य नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्तात असे वाक्य टिकते आणि घोषणा टिकत नाही.

कागद मिळवायचे मार्ग माहीत असावेत. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जिथे जनसुनावणी आवश्यक असते, तिथे किमान तीस दिवसांची पूर्वसूचना देऊन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. हा सारांश वाचून मगच दोन्ही बाजूंची पत्रके वाचावीत.

फोटोंचीही जात ओळखावी. गुगल लेन्ससारख्या साधनाने जुना किंवा परगावचा फोटो बहुधा पकडता येतो. फोटो खरा आणि याच परिसरातला असला, तरी प्रकल्पाची रेषा नेमकी तिथून जाते का, हे नकाशावर पाहावे.

सहावी पायरी: पूर्वपक्ष किती खरा मांडला आहे

माझ्या मते ही न्याय्यतेची सर्वांत खात्रीची कसोटी आहे. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचे मत, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मग उत्तरपक्ष करायचा, अशी शिस्त होती. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडण्याची वितंडा. समोरचा मजकूर या तिघांपैकी कशात बसतो, हे ठरवण्यासाठी त्यातले विरोधकाविषयीचे उतारे वेगळे काढावेत आणि विचारावे: हे वाचून विरोधक ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणेल का?

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हापासून चाललेल्या दोन्ही बाजूंच्या लेखनाला ही कसोटी लावून पाहावी. खाणी सुरू करा म्हणणाऱ्या मजकुरात डिचोली-सांग्यातल्या शेतांत वाहून आलेला गाळ आणि आटलेले झरे येतात का? खाणविरोधी मजकुरात कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेली कुटुंबे येतात का, आणि येत असतील तर ती माणसे म्हणून येतात की खाणमालकांची प्यादी म्हणून?

इथे एक सावधगिरी हवी. मोहिमेने बाजू घेणे हा दोष नाही. मोहीम असतेच एका बाजूची. दोन्ही बाजूंना सारखी जागा देणे म्हणजेही न्याय नव्हे, कारण पुरावा सारखा नसताना जागा सारखी दिली तर कमकुवत बाजू फुगते. परीक्षक वाचकाला बांधलेला असतो आणि मोहीम चालवणारा आपल्या प्रश्नाला, म्हणून परीक्षकाकडून अलिप्तता मागावी आणि मोहिमेकडून प्रामाणिकपणा: विरोधकाचे म्हणणे विकृत न करणे, ज्ञात तथ्य न लपवणे, आणि निकाल लागल्यावर तो पूर्ण सांगणे.

निकाल पूर्ण सांगण्याचा मुद्दा मोलेच्या अभयारण्याच्या उदाहरणातून चांगला कळतो. २०२० पासून चाललेली मोहीम तीन प्रकल्पांविरुद्ध होती: रेल्वे दुपदरीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि महामार्गाचे चौपदरीकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये तिन्हींबाबत एकच शिफारस केली नाही. रेल्वे दुपदरीकरणाची मान्यता मागे घ्यावी असे तिने म्हटले, तर वीजवाहिनी आधीच्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी असे सुचवले. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली, पण सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणण्याची वाटही मोकळी ठेवली. या निकालावरचा कोणताही लेख हाती घ्यावा आणि ही शेवटची गोष्ट त्यात आहे का ते पाहावे. ती वगळणारा मोहिमेचा समर्थक आपल्याच लोकांना गाफील ठेवतो. आणि न्यायालयाने गरजच सिद्ध झाली नसल्याचे म्हटले होते, हे वगळणारा विरोधक निकाल निव्वळ तांत्रिक अडथळा म्हणून खपवतो.

सातवी पायरी: बाजू उलटून पाहावी आणि मग दोन वेगळे शेरे लिहावेत

मजकुरातली नावे मनातल्या मनात बदलावीत. हेच वाक्य दुसऱ्या पक्षाने, दुसऱ्या धर्माच्या किंवा दुसऱ्या भाषेच्या संघटनेने लिहिले असते, तर मला ते रास्त वाटले असते का? गोव्यात मराठी आणि कोंकणी यांच्या प्रश्नावरचे लेखन वाचताना ही पायरी कधीही गाळू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली; या एकाच कायद्यावर दोन्हीकडून जे लिहिले जाते त्यात मराठी वाचकाचे मन कुठे पटकन हलते, हे प्रत्येकाने स्वतः तपासण्यासारखे आहे.

त्यानंतर पहिल्या पायरीतली नोंद काढून दोन शेरे स्वतंत्र लिहावेत. एक प्रभावाचा: माझे मत हलले का आणि कशामुळे. दुसरा न्याय्यतेचा: पुरावा, हितसंबंधांचा उल्लेख, पूर्वपक्ष, आकडे. दोहोंची सरासरी काढू नये. परिणामकारक पण अन्याय्य मजकूर पुढे पाठवू नये, तो आपल्या बाजूचा असला तरी. न्याय्य पण निष्प्रभ मजकूर आढळला, तर तो लिहिणाऱ्याला एखादे जवळून पाहिलेले उदाहरण घालायला सुचवावे. अशा लेखनाला मदतीची गरज असते आणि ती सहसा कोणी करत नाही.

या नोंदी एका वहीत तारखेसह ठेवाव्यात. मोहिमेने अमुक महिन्यापर्यंत अमुक होईल असे म्हटले असेल, तर तो महिना उलटल्यावर पान उघडून पाहावे. एखाद्या परीक्षकाची परीक्षणे सलग वाचली की त्याचा कल कळतो. संथ चित्रपट ज्याला कधीच रुचत नाहीत त्याचाही उपयोग होतो, कारण त्याच्या नापसंतीतून आपल्याला हवे ते ओळखता येते.

तथ्याची चूक सापडली तर संपादकाला किंवा संघटनेला लेखी कळवावे. पत्रात चुकीचे वाक्य जसेच्या तसे उतरवावे, त्याखाली मूळ दस्तऐवजाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक द्यावा, दुरुस्त वाक्य कसे असावे ते सुचवावे आणि तिथेच थांबावे. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी एक शब्दही लिहिला, तर उत्तर त्या शब्दालाच येते आणि चूक तशीच राहते.